आमच्या रजिस्टरात तुमच्या खुन्याची नोंद नाही : एका क्राइम मालिकेला बेळगावातून खुले पत्र

प्रति,
मालिकेचे निर्माते, लेखक-दिग्दर्शक आणि वाहिनीचे कार्यक्रमप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी रात्री तुमच्या मालिकेचा जो भाग लागला, तो मी माझ्याच खानावळीत २७ गिऱ्हाइकांसोबत बघितला. सोमवारी तुम्हाला रीतसर तक्रार पाठवली. तिला उत्तर आलं नाही, आणि गेल्या रविवारी तुम्ही तोच भाग ‘प्रेक्षकांच्या आग्रहास्तव’ पुन्हा दाखवलात. म्हणून आता हे उघड लिहितोय.

मालिकेचं नाव इथे घेत नाही. तुम्हाला ते माहीत आहे, बघणाऱ्यांनाही माहीत आहे. ज्यांनी बघितली नाही त्यांना माझ्या पत्रामुळे कळून तुमचा टीआरपी वाढावा, अशी माझी बिलकूल इच्छा नाही.

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं लॉज आहे. वर १४ खोल्या, खाली खानावळ. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. घरची भाषा मराठी, शाळाही मराठी, पण कन्नड लिहिता-वाचता येतं. इथे धंदा करायचा तर यावंच लागतं आणि आलं म्हणून काही बिघडलेलं नाही. हे सगळं सांगायचं कारण, तुमच्या त्या भागातला खलनायक लॉजवाला आहे. बसस्टँडजवळचा. बेळगावचा.

शनिवारी तुमची मालिका लावायची हा आमच्या खानावळीचा दोन वर्षांचा रिवाज आहे. रात्रीच्या गाड्यांची वाट बघणारे, दवाखान्यात पेशंट ठेवून जेवायला आलेले, कॉलेजची पोरं, असे सगळे जेवता जेवता बघतात. त्या रात्री ‘पुढच्या भागात : बेळगाव’ असं आठवडाभर आधी कळलेलं असल्यामुळे गर्दी जास्त होती. आपलं गाव टीव्हीवर दिसणार म्हटल्यावर माणूस जरा नीट बसून बघतो. मी कुंदासुद्धा आणून ठेवला होता.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, ‘सत्य घटनेवर आधारित’. त्याखाली बारीक अक्षरात अजून काहीतरी होतं, ते वाचून व्हायच्या आत गेलं. मग ड्रोनने घेतलेला डोंगर, धुकं आणि भारदस्त आवाज : ‘बेलगाव. दोन राज्यांच्या मधली जमीन. इथे कायद्याच्या आधी गुन्हेगार पोचतो.’ कोपऱ्यातल्या टेबलावर खानापूरचे एक निवृत्त मास्तर होते. भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, ‘ळ कुठं गेला?’

सगळे हसले. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारने गावाचं नाव ‘बेळगावी’ केलं, त्यावरून इथे अजून रुसवेफुगवे आहेत. आम्ही ‘बेळगाव’ म्हणतो, कन्नड माणसं ‘बेळगावि’ म्हणतात. ‘ळ’ मात्र दोघांनीही जपलाय. तो घालवण्याचा मान तुमचा.

पहिली पंधरा मिनिटं आम्ही हसतच होतो, हे कबूल करतो.

तुम्ही खानापूर तालुक्यातलं पोलीस स्टेशन दाखवलंत आणि त्यावर ठसठशीत पाटी : ‘पोलीस ठाणे’. फक्त मराठीत. अहो, कर्नाटकात दुकानाच्या पाटीवरसुद्धा ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते असा कायदा आहे. ज्या भागात १५ टक्क्यांहून जास्त लोक अल्पसंख्याक भाषा बोलतात तिथे सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, ही तरतूद कागदावर कितीतरी वर्षांची आहे. ती अमलात यावी म्हणून आमच्या दोन पिढ्या अर्ज करतायत, मोर्चे काढतायत. तुमच्या आर्ट डायरेक्टरने एका रात्रीत, एका प्लायवुडच्या तुकड्यावर ते देऊन टाकलं. मास्तर म्हणाले, ‘त्या पोराला आधी बोलवायला पाहिजे होतं.’

मग हवालदार आला. आमच्याकडे गोकाकचा एक कॉन्स्टेबल नेहमी जेवायला असतो. तो साध्या कपड्यांत दाराजवळ बसला होता. त्याने मान तिरकी करून बघितलं आणि विचारलं, ‘मालक, ह्यो पोलीस कुठला म्हणायचा?’ कारण कर्नाटकातल्या कॉन्स्टेबलच्या डोक्यावर अगदी अलीकडेपर्यंत एका बाजूने वर वळवलेली, रुंद काठाची स्लाउच हॅट असायची. आमच्या पोरांना पोलीस म्हटलं की ती हॅट दिसते. तुमच्या हवालदाराचा सगळा पोशाख कोल्हापूरचा होता. पुढे आरोपीला ‘येरवड्याला पाठवा’ असा हुकूम झाला तेव्हा तर तो कॉन्स्टेबल ताट बाजूला सारून हसला. आमचं हिंडलगा जेल इतकं जवळ असताना त्याला पुण्याला कोण आणि कशाला नेणार?

आणि ती बसची गोष्ट. मुलगी बेपत्ता झाली आहे, आई खेड्यात, तालुक्याला जाऊन तक्रार द्यायला तिच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत, म्हणून दोन दिवस वाया जातात. मागे करुण बासरी. आमच्याकडे नंदगडच्या तीन बायका होत्या, दवाखान्यासाठी आलेल्या. त्यातली एक पटकन म्हणाली, ‘अगे, बस फुकट हाय न्हवं!’ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या सरकारी बसने फुकट जाता येतं. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. त्या तिघीही तशाच आल्या होत्या. तुमच्या पूर्ण कथेची गाडी ज्या दोन दिवसांवर अडली होती, ते दोन दिवस नंदगडच्या बाईने एका वाक्यात काढून टाकले.

असल्या चुकांसाठी कोणी पत्र लिहीत नाही. मीही लिहिलं नसतं.

मग तुमचा ‘अण्णा’ आला.

पांढरी लुंगी, गळ्यात बोटाएवढी साखळी, तेलाने चपचपलेले केस. लॉजच्या काउंटरवर बसून तो कोल्हापूरहून पळून आलेल्या खुन्याकडून नोटांचं बंडल घेतो, रजिस्टरचं पान फाडतो, चुरगाळून तोंडात टाकतो आणि म्हणतो, ‘अय्यो साब, इदर मराठी पुलिस का कुच नै चलता.’ पडद्यावर विनोदी वाजवणं सुरू. खानावळीतली पोरं माझ्याकडे बघून ओरडली, ‘मालक, तुम्हीच की!’ मी पण हसलो. हसलो नसतो तर वाईट दिसलं असतं.

स्वयंपाकघराच्या दारात आमच्याकडे भाकऱ्या करणाऱ्या बाई उभ्या होत्या. बैलहोंगलकडच्या, घरी कन्नड, सगळे त्यांना अव्वाच म्हणतात. हातात पिठाची परात तशीच. त्या हसल्या नाहीत. आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवताना मला विचारलं, ‘आम्ही असं बोलतो काय हो मालक?’

मी काय सांगणार होतो? हे कन्नड नव्हे. हे आमच्या भागातलं तर मुळीच नव्हे. कुठल्यातरी जुन्या हिंदी सिनेमातलं मद्रासी ते. आमच्या उत्तर कर्नाटकातलं कन्नड शब्दाला ‘री’ लावून बोलतं. ‘बर्री’ म्हणजे या, ‘हौद्री’ म्हणजे होय हो. अनोळखी गिऱ्हाइकालासुद्धा ‘री’ लावल्याशिवाय अव्वा वाढत नाहीत. आणि ‘अण्णा’ म्हणजे गुंड हे कुणी ठरवलं? माझ्या थोरल्या भावाला आम्ही घरात अण्णाच म्हणतो, आणि आम्ही सात पिढ्यांचे मराठे आहोत. या गावात दोन्ही भाषांनी जे शब्द वाटून घेतलेत त्यातला हा एक सगळ्यात मायेचा.

आता रजिस्टरचं. हा माझा विषय आहे, म्हणून जरा लांबतं.

लॉजचं रजिस्टर म्हणजे शिवलेली वही असते. त्यातलं एक पान फाडलं की शिवणीच्या पलीकडचं त्याचं जोडपान सुटतं आणि लोंबायला लागतं. पानांवर नंबर छापलेले असतात. नाव, वय, कुठून आले, कुठे जाणार, कशासाठी, किती माणसं, गाडीचा नंबर, यायची वेळ, जायची वेळ, सही. शेजारी फाईलला आधारची झेरॉक्स. गोव्याकडून फिरत आलेला परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरायची. रात्री-बेरात्री पोलीस येऊन बघून जातात, पानावर सही करतात. पान गायब असेल तर मीच आत. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, सगळ्याच लॉजवाल्यांना करावं लागतं, आणि कुणी चोरून काही करतच नसेल असाही माझा दावा नाही. पण सीमेवरचं लॉज म्हणजे चोरांची धर्मशाळा, हे तुम्ही कुठून आणलंत?

चार-पाच वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातले एक हवालदार आणि दोन पोलीस माझ्याकडे आले होते. एकजण फसवणूक करून पळालेला, त्याचा माग काढत. त्यांनी माझं रजिस्टर चाळलं, आणि नऊ नंबरच्या खोलीसमोर नाव वेगळं असलं तरी सहीतला ‘श’ ओळखला. माणूस वरच झोपलेला होता. इथल्या पोलीस स्टेशनला कळवलं, नोंद झाली, दुसऱ्या दिवशी कोर्टापुढे उभं करून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला आपल्या हद्दीत न्यायची कोर्टाची परवानगी, घेतला आणि संध्याकाळी आरोपीला घेऊन निघाले. हवालदारसाहेब रात्रभर खाली बाकावर बसून होते. जाताना घरी नेण्यासाठी अर्धा किलो कुंदा घेतला. पैसे देऊन.

हे एवढ्यासाठी सांगितलं की तुमच्या भागाचा सगळा थरार ज्या प्रसंगावर उभा आहे तो प्रसंगच पोकळ आहे. तुमचा कोल्हापूरचा इन्स्पेक्टर खुन्याचा पाठलाग करत सीमेवर येतो. तिथे लोखंडी फाटक, काटेरी तार, बंदूकधारी पहारेकरी. खुनी पलीकडे जातो. इन्स्पेक्टर जीपच्या बॉनेटवर मूठ आपटतो आणि ओरडतो, ‘हद्द संपली!’ मध्यंतर.

खानावळीतला एक टेम्पो ड्रायव्हर रोज बेळगाव-शिनोळी खेप करतो. तो म्हणाला, ‘ही कुठली बॉर्डर? वाघ्याची काय?’ वाघा म्हणायचं होतं त्याला. वेंगुर्ले रस्त्याने हिंडलगा, सुळगा करत बाचीपर्यंत जा, पुढे शिनोळी लागते. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. मध्ये काय आहे? स्वागताची एक पाटी. लिपी बदलते, डांबराचा रंग बदलतो, एवढंच. अलीकडच्या गावातली पोरं पलीकडच्या कारखान्यांत कामाला जातात. एखाद्याचं घर इकडे, शेत तिकडे. मावशी तिकडची, सून इकडची. फाटकं लागतात ती निवडणुकीत, कोरोनात लागली होती, आणि पुढारी यायचे असले की लागतात. खुनी यायचा असला की लागत नाहीत.

आणि हद्द संपत नाही. आरोपीचा पाठलाग करत पोलिसाला देशात कुठेही जाता येतं. स्थानिक पोलिसांना कळवायचं, जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं, ट्रान्झिट रिमांड घ्यायचा, एवढी ती रीत आहे. तक्रारीचंही तेच. गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमच्या मालिकेच्या शेवटी तो पांढऱ्या दाढीचा निवेदक दर आठवड्याला ‘सावध राहा, कायदा जाणून घ्या’ म्हणून सांगतो. त्याच मालिकेने लाखो घरांत सांगितलं की सीमा ओलांडली की पोलीस हात टेकतात. उद्या एखाद्या सीमेवरच्या बाईला कुणी ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवलं तर ती खरं मानून घरी जाईल, कारण टीव्हीवर तेच बघितलंय तिने. माझ्या सगळ्या तक्रारींत ही सर्वांत मोठी आहे.

लोकांच्या प्रतिक्रियांबद्दल तुम्ही मोठ्या अभिमानाने सांगितलंत, ‘या भागाला सर्वाधिक प्रतिसाद’. इथे आलेला प्रतिसाद मी सांगतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला ऑफिसात दुसऱ्याच दिवशी विचारलं गेलं, ‘तुमच्याकडे पान फाडतात की खातात?’ ती चेष्टा होती, तिने ती चेष्टेवारी नेली. साताऱ्याच्या बाजूचे एक गृहस्थ, मुलगा इथे इंजिनिअरिंगला, परीक्षेच्या वेळी दरवर्षी माझ्याकडेच उतरतात. त्यांचा फोन आला : ‘मालक, गैरसमज नको, पण लॉज सेफ आहे ना?’ त्यांनी खोली घेतली, पण विचारलं. एका कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये दोन पोरांची जुंपली. मराठी पोरगं कन्नड पोराला ‘काय अण्णा, किती घेतलेस?’ म्हणालं. महाराष्ट्रातून नातेवाइकांचे फोन आले, ‘बघा, कसे छळतात तुम्हाला.’ इथल्या कन्नड शेजाऱ्यांनी विचारलं, ‘तुमच्या चॅनलवाल्यांना आम्ही चोर दिसतो काय?’ तुमच्या चॅनलवाल्यांना! म्हणजे मीच दिलेला जबाब जणू.

मुंबईत बसून ही चिल्लर वाटेल. आमच्याकडे नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ एका बसमध्ये कंडक्टर आणि प्रवासी यांच्यात भाषेवरून वाद झाला. एका तिकिटावरचा वाद. दोन्ही राज्यांच्या बसगाड्या एकमेकांकडे जायच्या थांबल्या. त्या दिवसांत माझ्या लॉजच्या जिन्यावर माणसं बसून होती, कोल्हापूरला बारसं आहे, सांगलीला ऑपरेशन आहे, आणि जाता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड पडले होते. इथे शब्द जपून टाकावा लागतो, कारण तो पडला की पहिली काच बसची फुटते आणि दुसरी दुकानाची. सीमाप्रश्न तुम्ही सोडवा असं मी म्हणत नाही. १९५६ पासून तो आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि माझं त्यातलं मत काय हे माझ्या गल्लीला ठाऊक आहे. पण ते मत मांडायला मला लुंगी नेसवलेला खोटा कन्नडिग लागत नाही.

सौंदत्तीच्या यल्लम्माचं एका वाक्यात सांगतो. खुनी डोंगरावर पोचतो तेव्हा भंडारा उधळणाऱ्या बायकांवर तुम्ही भुताचं संगीत लावलंत. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापुरातून गाड्या भरभरून याच डोंगरावर येतात, तेव्हा यावर तुम्हाला माझ्या आधी त्यांनीच लिहिलं असेल.

एवढं सगळं असूनही त्या भागात तीन मिनिटं अशी होती की खानावळीत कुणी चमचा वाजवला नाही.

आई पोलीस स्टेशनात बसली आहे. मुलीबद्दल बोलतेय. काय घातलं होतं, सकाळी काय खाऊन गेली, चपलेचा अंगठा कसा तुटका होता. समोरचा लिहून घेणारा कन्नडमध्ये लिहितोय. तो वाईट नाही, दमलेला आहे. लिहून झाल्यावर कागद फिरवून तिच्यापुढे ठेवतो आणि बोट दाखवतो, इथे सही. ती कागदाकडे बघते. अक्षरं गोल गोल. ती सही करते.

ते कुणी लिहिलं? ज्याने लिहिलं त्याने हे बघितलंय. हे खरं आहे. अशा जागी मी कितीदा बसलोय, कारण माझं खानावळीतलं पाच नंबरचं टेबल दुपारी तीन ते चार अर्ज लिहायचं टेबल असतं. पैसे घेत नाही. चहा पाजतात. गेल्या पावसाळ्यात खानापूरच्या जंगलाकडच्या खेड्यातला एक म्हातारा कागद घेऊन आला. त्याच्या दोन म्हशी गेल्या होत्या, शेजाऱ्यावर संशय. तक्रार आधीच देऊन आलेला, मिळालेली प्रत हातात. म्हणाला, ‘वाचून दाखव बाबा, काय लिवलंय.’ मी कन्नडमधून मराठीत वाचून दाखवलं. चार ओळी होत्या. त्याने कागद उलटा करून मागे बघितलं, कोरा होता. मग म्हणाला, ‘मी तर अर्धा तास बोललो. एवढं ल्हान कसं झालं?’

कायदा सांगतो की तक्रार लिहून झाली की ती तक्रारदाराला वाचून दाखवायची आणि प्रत फुकट द्यायची. कुठल्या भाषेत वाचून दाखवली म्हणजे ती दाखवली म्हणायची, हा आमच्याकडचा रोजचा प्रश्न आहे. त्या आईचं पुढे काय झालं? त्या कागदात चपलेचा अंगठा आला का? नसेल आला तर ओळख कशी पटली? माझ्या समजुतीप्रमाणे गुन्ह्याचा तपास म्हणतात तो याला. तुमच्या हातात तो आला होता. तुम्ही तीन मिनिटांत तिला तिथेच बसवून ठेवलीत आणि कॅमेरा घेऊन अण्णाच्या लॉजवर गेलात. त्यानंतर ती बाई थेट शेवटी दिसली, प्रेतावर पडून रडताना.

आता मागण्या. फार नाहीत.

हा भाग पुन्हा दाखवायचा असेल किंवा अ‍ॅपवर ठेवायचा असेल, तर त्याआधी एक दुरुस्ती दाखवा, वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात आणि वाचता येईल इतका वेळ : राज्याची सीमा ओलांडल्याने पोलिसांचा अधिकार संपत नाही, आणि तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. अण्णाचा रजिस्टरवाला प्रसंग काढून टाका. त्याच्यावाचून तुमच्या कथेचं काही अडत नाही, मी दोनदा बघून खात्री केली आहे.

‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणता तेव्हा त्यातलं सत्य किती ते सांगा. घटना कोल्हापूरची असेल, तर बेळगावचं लॉज तुमच्या मनातलं आहे असं लिहा. गावाचं खरं नाव घालायचं तर गाव आधी बघा. कन्नड बोलणारं पात्र असेल तर कन्नड येणारं माणूस घ्या. बेळगाव-धारवाडकडे नाटकवाल्यांची वाण नाही. मराठी पात्र असेल तर त्याला आमची मराठी बोलू द्या. ‘काय करूलालास?’ म्हटलं तर पुण्याचा प्रेक्षक मरत नाही.

आणि माझ्या तक्रारीला उत्तर द्या. २०२१ च्या केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा असतो. पोच आली, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’ म्हणून. मी अभिप्राय पाठवला नव्हता. तक्रार होती. १५ दिवस होऊन गेलेत. आता नियमाप्रमाणे मी वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे अपील करतोय, तिथेही नाही झालं तर पुढे सरकारकडे. मला कळतं की आमचं बघणं तुमच्या ‘महाराष्ट्र-गोवा’च्या आकड्यात धरलं जात नाही, आम्ही राहतो कर्नाटकात. म्हणजे ज्या प्रेक्षकांच्या आग्रहास्तव तुम्ही पुन्हा भाग दाखवलात त्यांत आम्ही नव्हतोच. तरी बघतो. शनिवारी टीव्ही तुमच्याच वाहिनीवर असतो. या शनिवारीही होता, फक्त आवाज बंद केला होता. अव्वांनी सांगितलं म्हणून.

तुमचा लेखक, ज्याने ते पोलीस स्टेशनचं दृश्य लिहिलं, त्याला माझा नमस्कार सांगा. त्याने एकदा यावं. दुपारी तीन ते चार, पाच नंबरचं टेबल.

कळावे,
आपला,
एक लॉज-खानावळवाला
बेळगाव

ता. क. : येताना मूळ आधार आणि एक झेरॉक्स आणावी. रजिस्टरात नोंद झाल्याशिवाय खोली मिळत नाही.